'मेग' आणि तिचे वाचक

स्टीव्ह ऑल्टेन या अमेरिकन लेखकाची 'मेग' ही कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मेगॅलोडॉन नावाचा अजस्र शार्क (शार्क म्हणजे आपल्या कोकणातली मुशी) पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी अजून जिवंत आहे, आणि त्यातली एक मादी वर येऊन धुमाकूळ घालते, एवढेच तिचे कथानक. पुढे तिचे अनेक भाग निघाले, २०१८ साली चित्रपटही आला. या कादंबरीबद्दलची वाचकांची मते पाहिली तर त्यांत दोन तट सरळ दिसतात. एक तट विज्ञानाच्या चुका मोजत बसतो. दुसरा म्हणतो, ही भयकथा आहे, पाठ्यपुस्तक नव्हे; डोके बाजूला ठेवा आणि मजा घ्या.

मला दोन्ही मते अर्धवट वाटतात. दुसऱ्या तटाचे आधी पाहू. या कादंबरीचा नायक जोनास टेलर हा पूर्वी नौदलात खोल पाण्यातील पाणबुडी चालवणारा आणि नंतर पुराजीवशास्त्रज्ञ झालेला गृहस्थ आहे. तो पानोपानी पुरावे देतो, शंकांना उत्तरे देतो. म्हणजे भीती उभी राहते ती 'हे खरेच असू शकेल' या पायावर. लेखकाने स्वतःच विज्ञानाला साक्षीला बोलावले, तेव्हा त्याची उलटतपासणी नको असे कसे म्हणता येईल?

चुका मोजणाऱ्यांचा सर्वांत आवडता मुद्दा म्हणजे सुरुवातीचे प्रकरण. त्यात मेगॅलोडॉन चक्क टायरॅनोसॉरस रेक्सला गिळतो. टायरॅनोसॉरस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. मेगॅलोडॉनचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे. मधले अंतर चार कोटी वर्षांहून अधिक! पेशव्यांच्या दरबारात दूरध्वनी वाजावा, त्यापेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे. इथे टीकाकार शंभर टक्के बरोबर आहेत.

पण हेच वाचक पुढे 'एवढा मोठा मासा असूच शकत नाही' असे म्हणतात, तेव्हा घसरतात. आजचा पांढरा शार्क सुमारे ६ मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे वजन २ टनांच्या आसपास भरते. लांबी तिप्पट केली, म्हणजे १८ मीटर, तर वजन सत्तावीस पट होईल. सुमारे ५४ टन. जमिनीवर हे वजन हाडांना पेलावे लागते. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हाडांची हीच अडचण दाखवली होती. समुद्रात मात्र वजन पाणी पेलते. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत वाढतो, तोही आजच्या समुद्रात. अडचण असते ती पृष्ठभागाची. वजन सत्तावीस पट झाले तरी कल्ल्यांचा पृष्ठभाग नुसत्या आकारवाढीने नऊच पट होतो. त्यावर उपाय म्हणजे घड्या वाढवणे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी (पुढे भारताचे नागरिक झालेले हेच ते हाल्डेन) १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हा मुद्दा फार सुरेख मांडला आहे. तेव्हा मेगॅलोडॉनच्या आकाराबद्दल ऑल्टेनला दोष देण्यात अर्थ नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर ही लांबी २४ मीटरपर्यंत जाऊ शकते असा अंदाज आहे.

कादंबरीचा खरा कच्चा दुवा वेगळाच आहे आणि त्याकडे फार थोड्या वाचकांचे लक्ष जाते. लेखकाने गर्तेच्या तळाशी उष्ण झऱ्यांमुळे गरम पाण्याचा थर कल्पिला आहे. त्याच्या वरचे थंड पाणी म्हणजे या शार्कांचा तुरुंग. नर मारला जातो, त्याच्या उष्ण रक्ताच्या लोटातून मादी थंड थर पार करते. कल्पना चटकदार खरी! पण सुमारे ११ किलोमीटरचा हा प्रवास सेकंदाला ५ मीटर वेगाने केला तरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढ्यात ते रक्त पाण्यात मिसळून केव्हाच गार झालेले असेल. शिवाय तुरुंगच खोटा आहे. २०२३ साली दातांमधील समस्थानिकांच्या अभ्यासातून असे दिसले की मेगॅलोडॉनचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे ७ अंश सेल्सिअसने उबदार होते. त्याचा उबदार शरीराचा नातलग पांढरा शार्क आजही हजार मीटर खोल, थंडगार पाण्यात सूर मारतो. अशा प्राण्याला थंडी कशी अडवणार?

अडवेल ती भूक. उबदार शरीराला अन्न जास्त लागते, आणि समुद्राच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या सेंद्रिय द्रव्यापैकी जेमतेम १-२ टक्के खोल तळापर्यंत पोहोचते. आजचे शार्क सुमारे ३,००० मीटरच्या खाली क्वचितच आढळतात, त्याचे एक कारण हेच मानले जाते. दुसरे कारण रसायनाचे. प्रचंड दाबाखाली प्रथिनांचा आकार बिघडू नये म्हणून मासे शरीरात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड साठवतात. (शिळ्या मासळीचा तो ओळखीचा वास याच्याच विघटनातून येतो.) खोली वाढेल तसे हे द्रव्य वाढवावे लागते, आणि सुमारे ८,२०० ते ८,४०० मीटरवर माशाच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्याइतका संहत होतो. त्याखाली गेल्यास उलट पाणीच शरीरात शिरू लागेल. २०२२ साली जपानजवळच्या गर्तेत ८,३३६ मीटरवर चित्रित झालेला मासा या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर होता. तो एक छोटा, मऊ, पारदर्शक गोगलमासा होता. त्याही खाली अडीच किलोमीटर ऑल्टेनचा शार्क राहतो!

'सीलाकांथ नाही का सापडला?' हा कादंबरीच्या चाहत्यांचा हुकमी एक्का. डायनोसॉरांबरोबर संपला असे समजला गेलेला हा मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत जिवंत मिळाला, हे खरे. पण शार्क आयुष्यात हजारो दात गाळतो आणि दात सहज नष्ट होत नाहीत. मेगॅलोडॉनचे दात जगभर सापडतात, आणि सुमारे ३६ लाख वर्षांनंतरचा खात्रीचा एकही नाही. 'चॅलेंजर' जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या मोहिमेत तळातून वर आलेल्या दातांवरील मँगनीजच्या थरावरून १९५९ साली कुणी त्यांचे वय ११,००० ते २४,००० वर्षे काढले होते. पण हा थर सगळीकडे सारख्या वेगाने चढत नाही हे कळल्यावर तो हिशेब बाद झाला.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, २०१३ साली डिस्कव्हरी वाहिनीने नटांना शास्त्रज्ञ म्हणून उभे करून 'मेगॅलोडॉन जिवंत आहे' असा कार्यक्रम दाखवला आणि पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला. ऑल्टेनने असली लबाडी केलेली नाही. तो कादंबरीला कादंबरीच म्हणतो. इतकेच नव्हे, वाचनाचा कंटाळा असलेल्या माध्यमिक शाळेतील मुलांसाठी त्याने शिक्षकांच्या मदतीने एक उपक्रमही चालवला. न वाचणारी मुले या पुस्तकाने वाचू लागतात, हे चाहत्यांचे म्हणणे मला पटते. पाणबुडी खाली उतरतानाची पाने खरोखरच श्वास रोखायला लावतात. माणसे मात्र पुठ्ठ्याची आहेत.

इंग्रजी वाचू शकणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे. पहिले प्रकरण वाचायला देताना भूशास्त्रीय कालखंडांचा तक्ता भिंतीवर लावून ठेवावा, आणि चूक कुठे आहे ते आपण सांगू नये.