हॅकरचे सॉसेज आणि थोबर्नचा तराजू

डिसेंबर १९८४ मध्ये बीबीसीने प्रसारित केलेला ‘येस मिनिस्टर’चा ‘पार्टी गेम्स’ हा भाग अँटनी जे व जोनाथन लिन यांच्या उपहासशैलीचा उत्तम नमुना होय. युरोपीय समुदाय ब्रिटिश सॉसेजचे नाव बदलू पाहतो. मंत्री जिम हॅकर संबंधित कमिशनरशी तडजोड करून प्रश्न खासगीत मिटवतो. मग त्याच मिटलेल्या प्रश्नावर जाहीर गर्जना करून पंतप्रधानपदी पोहोचतो.

या उपहासाचे खरे लक्ष्य ब्रुसेल्स नसून ब्रुसेल्सचा बागुलबुवा उभा करणारा स्वदेशी पुढारी आहे. भागाचे सामर्थ्य येथेच आहे आणि मर्यादाही येथेच. नियम ब्रिटनच्या किनाऱ्याला लागल्यावर त्याचे काय होते, हे लेखकद्वय दाखवत नाही. राजापेक्षा राजनिष्ठ असा स्थानिक अंमलदार या नाट्यात नाहीच.

तो भेटतो सन्डरलंडच्या बाजारात. केवळ पौंडात वजन दाखवणाऱ्या काट्यावर केळी विकली म्हणून स्टीव्ह थोबर्न हा फळविक्रेता एप्रिल २००१ मध्ये दोषी ठरला. फेब्रुवारी २००२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती लॉज यांचे निकालपत्र ‘घटनात्मक कायदा’ या संकल्पनेच्या मांडणीमुळे विधिशास्त्रात मान्यता पावले. केळी मात्र त्यात तळटीपेइतकीच उरली.

१९८० चा मोजमापविषयक निर्देश युरोपचा होता, हे खरे. परंतु त्याचा भंग हा फौजदारी गुन्हा ठरवून विक्रेत्याला न्यायालयात खेचणे ही ब्रिटनची स्वतःची निवड होती. त्याच ब्रिटनने रस्त्यावरील मैल आणि बिअरचा पाइंट यांना सवलत मिळवली होती. मद्यालयाला जी समज लाभली, ती फळाच्या गाड्याला नाकारली गेली! किलोसोबत पौंडही लिहिण्याची मुभा २००९ मध्ये युरोपनेच बेमुदत केली. थोबर्न त्यापूर्वीच, २००४ मध्ये, निवर्तला होता.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. पौंड-औंस परत आणण्याविषयी सरकारने २०२२ मध्ये जनमत मागवले, तेव्हा प्रतिसाद देणाऱ्यांचा प्रचंड कल मेट्रिक मापांकडेच दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने तो विचार सोडून दिला.