न जोडलेल्या हातांसाठी जागा

शाळेतली प्रार्थना ही मराठीत सगळ्यात जास्त म्हटली जाणारी आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी कविता असावी. दहा वर्षं रोज सकाळी आपण ती म्हणतो. चाल आयुष्यभर डोक्यात राहते, पण तिचा अर्थ काय, ती कोणाला उद्देशून आहे आणि कोणाच्या वतीने म्हटली जाते, हे वर्गात कधी कोणी विचारत नाही. परीक्षेला ती नसते, म्हणून तिचं रसग्रहणही नसतं.

ते आधी करून बघू. महाराष्ट्रातल्या शाळांत तीन प्रार्थना सगळीकडे ऐकू येतात. एक साने गुरुजींची. तिच्यात खरा धर्म म्हणजे जगावर प्रेम करणं, आणि तेही आधी खचलेल्या, दबलेल्या माणसांवर. दुसरी समीर सामंत यांची. २०१७ च्या ‘उबुंटू’ या सिनेमातली, बंद पडू पाहणाऱ्या गावातल्या शाळेची. सिनेमा थिएटरमधून गेला, प्रार्थना शाळांत राहिली. तिचं मागणं एवढंच, की माणसाने माणुसकी सोडू नये. तिसरं पसायदान. ज्ञानेश्वरीच्या शेवटी आलेलं हे मागणं दुष्टांचा नाश मागत नाही, त्यांच्यातला दुष्टपणा तेवढा जावा म्हणतं, आणि ज्याच्या मनात जे असेल ते त्याला मिळावं अशी मोकळीक देतं.

तिन्ही रचना मला आवडतात. कोणत्याही एका धर्माचा जयजयकार त्यांत नाही. ‘शाळेतली प्रार्थना धार्मिक असते का?’ असं विचारलं, की बहुतेक शिक्षक याच ओळींकडे बोट दाखवतात आणि विचारतात, ‘यात वाईट काय आहे?’

ओळींत वाईट काहीच नाही. पण प्रार्थना नुसती ओळींची नसते. ती रांगेत उभं राहून, डोळे मिटून, हात जोडून म्हणायची असते. मी शिकलो त्या शाळेत प्रार्थना सुरू असताना दोन मॉनिटर रांगांमधून फिरायचे. कोणी शब्द चुकवले तर चालायचं. डोळे उघडे दिसले किंवा हात खाली दिसले, तर नाव लिहून घेतलं जायचं. म्हणजे तपासणी व्हायची ती शरीराची. अर्थाशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

नाशिकमध्ये याच शरीराच्या प्रश्नावर एक खटला उभा राहिला. संजय साळवे हे सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालय या अनुदानित शाळेत शिक्षक होते. ते नास्तिक. प्रार्थनेला ते हजर राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. शाळेच्या लेखी ही बेशिस्त होती. बारा वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकाला जी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, ती त्यांना नाकारली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती शिक्षकावर करता येणार नाही, तशी सक्ती केली तर त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग होतो, असा त्याचा आशय.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती ‘बेशिस्त’ ही बाजू. क्षणभर ती खरी धरू. हात जोडणं ही निव्वळ शिस्त असेल, म्हणजे रांगेत उभं राहण्यासारखी किंवा गणवेशासारखी सवय, तर शांतपणे, हात खाली ठेवून उभा असलेला माणूस नेमकी कोणती शिस्त मोडतो? त्याच्यामुळे आवाज होत नाही, रांग मोडत नाही. आणि हात जोडणं ही त्याहून मोठी गोष्ट असेल, कोणापुढे तरी नम्र होण्याची खूण असेल, तर ती उपासना झाली. मग संविधानाचं कलम २८ (३) लागू होतं: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत जाणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला तिच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. दोन्हींपैकी कोणतीही वाट धरा, पगार अडवायचं कारण सापडत नाही.

शाळेच्या नावाकडेही बघायला हवं. अशा शाळेत हा वाद व्हावा हे विचित्र आहे, पण फुल्यांना सरळ नास्तिकांच्या बाजूला उभं करणं सोयीचं असलं तरी खरं नाही. जोतीराव निर्मिक मानत, त्याच्याविषयी त्यांनी अखंड लिहिले. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचं भांडण देवाशी नव्हतं, मधल्या दलालाशी होतं. माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये तिसऱ्याने उभं राहून ‘असा वाक, असं म्हण’ सांगू नये, हा त्यांचा आग्रह. त्या कसोटीवर रांगांमधून फिरून हात तपासणारा माणूस कोण ठरतो, हे तुम्हीच ठरवा.

नाशिकच्या मातीत तर या हातांचा इतिहास आणखी जुना आहे. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तिथे माणसं रामापुढे उभं राहण्याचा हक्क मागत होती आणि दार बंद होतं. पाच वर्षांनी, १९३५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. मधल्या काळात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते. त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. एका काळात काहींना हात जोडू दिले जात नव्हते, दुसऱ्या काळात एकाला हात जोडल्याशिवाय पुढे जाऊ दिलं जात नव्हतं. दोन्हींची वेदना सारखी आहे असं मी म्हणणार नाही. मंदिराबाहेर ठेवलेल्यांचा अपमान पिढ्यानपिढ्यांचा होता. पण कोणी कुठे वाकायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत दोन्हीकडे तीच दिसते.

आता त्याच परिपाठातला आणखी एक मजकूर घ्या. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन सुरू झालं. या उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती एच. व्ही. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत मांडली होती. ईश्वर मतदानाला टाकू नका, अशी विनवणी झाली. कामत मागे हटले नाहीत. मतदान झालं, बाजूने ४१, विरोधात ६८. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं अजिबात नाही. थानू पिल्लै स्वतः श्रद्धाळू होते, तरी ही श्रद्धेच्या बाबतीतली सक्ती ठरेल असं त्यांचं म्हणणं होतं. हृदयनाथ कुंझरूंना वाटत होतं, की जो मजकूर विचार, श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतो, त्याची सुरुवातच सगळ्यांना एका श्रद्धेत बांधून होऊ नये.

म्हणजे सकाळच्या त्याच पंधरा मिनिटांत मुलं दोन मजकूर म्हणतात. एकात देव आहे. दुसऱ्यात तो घेतला गेला नाही, आणि नाकारणाऱ्यांत देव मानणारेही होते. ही विसंगती लपवायची गरज नाही. उलट नववी-दहावीच्या वर्गात यावर एक तास चर्चा झाली, तर नागरिकशास्त्राचा पूर्ण धडा होईल.

‘पण एकाला सूट दिली तर उद्या सगळेच हात खाली ठेवतील,’ असा आक्षेप येतो. त्याचं उत्तर केरळने आधीच दिलं आहे. १९८५ मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. नीट उभं राहणं हाच आदर, तोंड उघडलं नाही म्हणून अनादर होत नाही. त्यानंतरही देशभरातली मुलं राष्ट्रगीत गातच आहेत.

साळवेंचा निकाल मोलाचा आहे, पण त्याची मर्यादाही सांगायला हवी. तो एका शिक्षकाचा निकाल आहे. शिक्षकाकडे नोकरीची कागदपत्रं असतात, वकील गाठता येतो, काही वर्षं थांबता येतं. सातवीतल्या मुलीकडे यातलं काही नसतं. कायद्याने अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण विचार करा, सहलीला जायचं तर पालकांची सही लागते. प्रार्थनेसाठी तुमच्या आईवडिलांकडून कोणी कधी सही घेतली होती? आणि केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत-हिंदी प्रार्थनेवरच्या याचिकेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी जानेवारी २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवायला हवा असं म्हटलं. मुलांच्या हातांचा मुद्दा तिथवर पोचला आहे.

प्रार्थना बंद करा, असं मला म्हणायचं नाही. दोनशे कोवळे आवाज एका सुरात माणुसकी मागतात, तेव्हा आत काहीतरी हलतं, आणि ते हलणं खोटं नसतं. पण प्रार्थनेतले शब्द किती सुंदर आहेत यावर तिची परीक्षा संपत नाही. ती न म्हणणाऱ्याला ती किती जागा देते, तिथे तिची खरी परीक्षा आहे. पसायदानासारखी रचना या परीक्षेत सहज उतरते. नापास होते ती तिच्या नावाने हात तपासणारी व्यवस्था.

यासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही, शासन निर्णयाचीही नाही. परिपाठ घेणाऱ्या शिक्षकाने माइकवर एक वाक्य बोललं तरी पुरे: ‘ज्यांना म्हणायची आहे त्यांनी म्हणा, बाकीच्यांनी शांत उभं राहा.’ आणि मॉनिटरला सांगावं, की वही आत ठेव.