धाडस कळलं, वारा कळला का?



या व्याख्यानमालेत आमच्याआधी येऊन गेलेल्यांनी पुस्तकांवर, नाटकांवर, चित्रांवर टीका केली. आम्ही आज टीका करणार आहोत ती एका सांगण्याच्या पद्धतीवर. शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडण्यामागचं विज्ञान सामान्य माणसाला कसं सांगितलं जातं, हा आमचा विषय. आणि आधीच कबूल करून टाकतो, या खटल्यात आम्हीही आरोपी आहोत.

कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. बोट गोव्यात, दिवाडी बेटावर बांधलेली. कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता जाऊन आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून फिरून आल्या. या सगळ्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण कौतुकाच्या त्या मजकुरात काय होतं, आठवून बघा. लाटा किती उंच होत्या, थंडी किती होती, खायला काय होतं, घरची आठवण आली का. यात वाईट काही नाही. पण बोट त्याच वाटेने का गेली, हे किती जणांनी विचारलं?

एक उदाहरण देतो. अशा प्रदक्षिणेला एक अट असते, किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापलं पाहिजे. हा आकडा बातम्यांमध्ये यायचा, तोही ‘तब्बल’ हा शब्द लावून. पण तो आकडा आला कुठून? वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला. ३६० गुणिले ६० करा, २१,६०० येतात. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरची एक कला, दुसरं काही नाही. म्हणजे तो आकडा स्वतःच सांगत असतो की पृथ्वी गोल आहे आणि तिला एक पूर्ण फेरी मारायची आहे. सातवीतल्या मुलाला दोन मिनिटांत कळेल असं हे गणित. आपण ते ‘तब्बल’ या एका शब्दात घालवलं.

आता आमचा स्वतःचा गुन्हा. बोट वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते, हे आम्ही बरीच वर्षं असं सांगायचो. शीड फुगलं की त्याची बाहेरची बाजू लांब होते, हवेला त्या बाजूने जास्त अंतर जावं लागतं, पलीकडच्या हवेला गाठायला ती पळते, म्हणून तिथला दाब कमी होतो. फळ्यावर आकृतीही छान यायची. एकदा कार्यक्रम संपल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “अहो सर, शीड कापडाचं ना? मग कापडाची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या मापाची कशी असेल?”

आम्ही गप्प झालो. बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. शीड हे पातळ कापड, त्याच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच लांबीच्या. शिवाय दोन बाजूंनी गेलेल्या हवेने पलीकडे एकाच वेळी भेटलं पाहिजे असा निसर्गाचा काही नियम नाही. दाबातला फरक खरा आहे, त्याचं आम्ही दिलेलं कारण खोटं होतं.

मग खरं काय? शीड वाऱ्याला वळवतं. वाऱ्याची दिशा बदलली की त्याची उलट प्रतिक्रिया शिडावर येते. हा जोर बराचसा आडवा आणि थोडासा पुढे असतो. आडवं सरकणं रोखतो तो बोटीच्या तळाखालचा वजनदार पंखा, पाण्यात उभा धरलेल्या फळीसारखा. वारा एका बाजूने रेटतो, पाणी दुसऱ्या बाजूने अडवतं, मग बोटीला मोकळी दिशा एकच उरते, पुढची. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो सुळकन पुढे निसटतो, तसंच हे. चिंचोक्याला कुणी पुढे ढकललेलं नसतं. अर्थात वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच बोट जात नाही. साधारण ४५ अंशाचा कोन धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं.

चुकीचं स्पष्टीकरण सोपं असतं म्हणून टिकतं, असं म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. चिंचोका जास्त सोपा आहे. चुकीचं स्पष्टीकरण टिकतं कारण ऐकणारा प्रश्न विचारत नाही, आणि विचारू नये अशी व्यवस्था आपण व्यासपीठावरूनच केलेली असते.

दुसरा मुद्दा वाऱ्यांच्या नावांचा. शाळेत आपण ‘व्यापारी वारे’ शिकलो. का व्यापारी? तर त्यावर व्यापारी जहाजं चालायची म्हणून. पण इंग्रजीतल्या मूळ शब्दाचा जुना अर्थ ‘वाट, ठरलेला माग’ असा होता. एकाच मागाने सतत वाहणारे ते वारे. व्यापाराचा अर्थ नंतर चिकटला आणि आपण नेमका तोच उचलला. त्यामुळे नावात जे विज्ञान होतं, म्हणजे वाऱ्याचं सातत्य, तेच गळून पडलं. उलट ‘मतलई वारे’ आणि ‘खारे वारे’ बघा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई होडीला बाहेर नेतो, दुपारचा खारा वारा तिला परत आणतो. कोकणातल्या तांडेलाला हे शिकवावं लागत नाही. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, एवढं त्याला जोडून सांगितलं की पावसाळ्यात नैऋत्येचे वारे का येतात याचं दार उघडतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा तो नेमका तेव्हाच का, हेही कळतं. आणि तिथून पुढे दक्षिणेकडे, ४० अंशांच्या खाली, जिथे पश्चिमेचे वारे अडवायला फारशी जमीनच नाही, तिथवर माणसाला नेता येतं. ‘तारिणी’ पश्चिमेकडून पूर्वेकडे का गेली? पाठीवर वारा हवा म्हणून. सप्टेंबरमध्ये का निघाली? केप हॉर्न तिथल्या उन्हाळ्यात, जानेवारीत गाठायचं होतं म्हणून. ही उत्तरं धाडसाच्या गोष्टीपेक्षा कमी रंजक आहेत का? आम्हाला तरी वाटत नाही.

तिसरा मुद्दा एका गाजलेल्या पुस्तकाचा. डावा सोबेल यांचं ‘लॉन्जिट्यूड’ १९९५ साली आलं. जॉन हॅरिसन हा सुतार-घड्याळजी रेखांशाचा प्रश्न कसा सोडवतो, त्याची ती कथा. पुस्तक लहान, भाषा प्रवाही, एका बैठकीत वाचून होतं. पण त्यातली मांडणी एकटा कारागीर विरुद्ध घमेंडखोर खगोलशास्त्रज्ञ, अशी आहे. वाचकाच्या मनात राहतं ते भांडण. प्रत्यक्षात चंद्राचं ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून वेळ काढायची खगोलशास्त्रज्ञांची रीतही चालत होती, आणि चांगली घड्याळं महाग असेपर्यंत कित्येक जहाजं तिच्यावरच विसंबून होती. कॅप्टन कुकने दुसऱ्या सफरीत दोन्ही वापरल्या. विज्ञान असंच पुढे जातं, दोन वाटांनी, एकमेकींची चूक तपासत. सोबेलबाईंनी एक नायक दिला आणि ही तपासणी झाकली गेली, अशी आमची तक्रार आहे.

मग चांगला नमुना कुठला? होकुलेआ. पॉलिनेशियाचे लोक इतक्या दूरच्या बेटांवर ठरवून गेले की वादळात भरकटत, असा वाद होता. अँड्र्यू शार्प या इतिहासकाराने १९५० च्या दशकात म्हटलं, इतक्या लांब ठरवून जाणं शक्य नाही. त्यावर नुसती प्रतिव्याख्यानं झाली नाहीत. जुन्या घाटाची जोडहोडी बांधली गेली आणि १९७६ साली मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग यांनी होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटांची लय वाचत ती हवाईहून ताहितीला नेली. सुमारे ४,००० किलोमीटर. लोकांसमोर आधी प्रश्न होता, मग प्रयोग, मग उत्तर. उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यताही उघड होती. म्हणून ते शिक्षण झालं.

आपल्याकडेही संधी आली आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं, काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याचे जुने आराखडे उपलब्ध नव्हते, म्हणून प्रतिकृती करून पाण्यात चाचण्या घ्याव्या लागल्या. याविषयी बोलताना आपण ‘प्राचीन वैभव’ म्हणून थांबलो, तर पुन्हा तीच चूक होईल. खिळ्यांऐवजी दोरी का? चौकोनी शीड वाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतं? असे प्रश्न लोकांसमोर ठेवा. अभिमान कुठे पळून जात नाही.

कुणी म्हणेल, आम्हाला कुठे समुद्रावर जायचंय? मित्रहो, किनाऱ्यावर वादळाचा इशारा येतो तेव्हा वाऱ्याची दिशा, वेग, भरती हे शब्द रोजचे होतात. ते ज्याला कळत नाहीत तो एक तर घाबरतो किंवा हसण्यावारी नेतो. दोन्ही महाग पडतं.

शेवटी एक घरचा अभ्यास. उद्या अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करा आणि तिची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते घड्याळात बघा. मुंबईत ती बारा वाजता होणार नाही. वर्षभराची सरासरी काढली तर साधारण बारा वाजून ३९ मिनिटांनी होईल. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मुंबई जवळपास त्र्याहत्तर अंशांवर, आणि दर अंशाला चार मिनिटं. ऋतूप्रमाणे ती वेळ काही मिनिटं पुढेमागे सरकते, का सरकते हा पुढचा प्रश्न. पण एक काठी आणि एक घड्याळ घेऊन तुम्ही तुमचा रेखांश काढलेला असेल. ज्या प्रश्नासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ साली २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं, त्याच्या उंबरठ्यावर तुम्ही उभे असाल.

उत्तर चुकलं तरी चालेल. का चुकलं ते विचारायला पुढच्या वेळी नक्की या. आणि त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंसारखं, आमचंही चुकत असेल तर भर सभेत सांगा.