तबकडी की बटण?

आमच्या भाच्याला डीजे व्हायचंय. बहिणीने आधी रडून घेतलं आणि मग यंत्र निवडायला मलाच धाडलं. का, तर माझ्याकडे जुन्या तबकड्या आहेत! म्हैस बांधलेल्याला दुधातलं कळतं, असा तिचा हिशोब.

दुकानात दोन पंथ निघाले. पहिला टेक्निक्सच्या एसएल-१२०० चा. १९७२ साली निघालेलं हे टर्नटेबल पट्ट्याशिवाय, थेट मोटरवर फिरतं. तबकडी बोटाने अडवली तरी खालचं ताट फिरतच राहतं. सोडली, की गाणं क्षणात वेग धरतं. १९७९ च्या आवृत्तीत पट्टी सरकवून वेग ८ टक्के कमी-जास्त होतो. ठोके मात्र आपल्याच कानांनी जुळवायचे.

दुसरा पंथ डिजिटल डेकचा. पेन ड्राइव्हवर हजारो गाणी आणि ‘सिंक’चं बटण.

“मामा, दाबलं की ठोके आपोआप जुळतात!”

“मग तुझं काय काम रे?”

भाचा गप्प झाला. खरं सांगायचं तर तबकडीवाल्यांचंही सोवळं फार. सुई उडते, पेट्या उचलून कंबर जाते, आणि नाचणाऱ्याला त्याचं काय? विजेचा तानपुरा आला म्हणून बेसूर गवई सुरात आला नाही, की सुरेल बिघडला नाही. बटण ठोके जुळवील. पण कुठल्या गाण्यामागून कुठलं, हे समोरच्या पायांकडे बघूनच ठरतं.

शेवटी निकाल दिला: डेक घे, पण सहा महिने सिंकवर चिकटपट्टी लाव.

डेकचे पैसे बहिणीने भरले. चिकटपट्टी मामाकडून.