'आलास' की 'आलीस'?

हार्ट क्रेनने १९३२ साली मेक्सिकोच्या आखातात जहाजावरून उडी घेतली. त्यामुळे त्याच्या 'व्हॉयेजेस' या सहा भागांच्या कवितेतला समुद्र मृत्यूची पूर्वसूचना ठरवला जातो. मला हे पटत नाही. समलिंगी प्रेमाचा शेवट शोकान्तच असणार, हे गृहीतक त्या वाचनात दडले आहे.

पहिला भाग एमिल ऑप्फर या खलाशाची भेट होण्यापूर्वीचा. त्यात कवी किनाऱ्यावरच्या मुलांना खोल पाण्यापासून सावध करतो. १९२४मध्ये ऑप्फर भेटल्यावर मात्र सावध करणारा स्वतःच पाण्यात शिरतो. तिसऱ्या भागात मृत्यू येतो, पण रक्तपात म्हणून नव्हे, रूपांतर म्हणून; आणि शेवटी कवी प्रियकराच्या हातांपर्यंतचा प्रवास मागतो. समुद्र तोच, धोकाही तोच. तो आता जाणूनबुजून पत्करलेला आहे.

अनुवाद करताना मी अडखळले. इंग्रजीतल्या 'यू'ला लिंग नसते; त्या आडोशाला १९२६च्या 'व्हाइट बिल्डिंग्ज' संग्रहात हे प्रेम छापले गेले. मराठी क्रियापद असा आडोसा देत नाही. मी 'आलास' लिहिले. 'आलीस' लिहिले असते तर कविता सुरक्षित झाली असती. पण क्रेनने पत्करलेला धोका मी परस्पर पुसून टाकला असता.