भाकरी की अग्निबाण? आधी प्रश्नच तपासू

शाळांच्या वादविवाद स्पर्धांत एक विषय वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे : 'विकसनशील देशांनी अवकाश संशोधनावर पैसा खर्च करावा का?' अनुकूल बाजू उपग्रह, दूरदर्शन, हवामानाचे अंदाज यांची यादी वाचते. प्रतिकूल बाजू गळक्या वर्गखोल्या आणि कुपोषित मुले पुढे करते. टाळ्या दोघांनाही पडतात. आमची तक्रार अशी, की दोघांचाही हिशेब कच्चा असतो. तो पक्का करायचा तर पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या दोन शेजारी तालुक्यांत फेरफटका मारून यावा.

आधी रुपयांचे बोलू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी सुमारे १३,०४३ कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा डोळे विस्फारणारा आहे. पण एकूण अर्थसंकल्प सुमारे ४८ लाख कोटींचा होता. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. दर माणशी वर्षाला नव्वद-पंच्याण्णव रुपये. तेव्हा 'अग्निबाणांमुळे भाकरी मिळत नाही' हे विधान टिकत नाही. मात्र 'खर्च थोडा आहे, म्हणून तो योग्य आहे' हेही तर्कशास्त्र नव्हे. थोडा पैसाही वाया जाऊ शकतो. पाहायचे ते हे, की त्यातून काय मिळाले, कोणाला मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली.

नारायणगावजवळ आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उपग्रह-संपर्काचे भूकेंद्र उभे राहिले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले आहे. त्यापूर्वी परदेशी दूरध्वनी लघुलहरींवर अवलंबून असत. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात आणि तो थर दिवसरात्र बदलत असतो. त्यामुळे आवाज कधी स्पष्ट येई, कधी बुडे. सुमारे ३० मीटर व्यासाच्या तबकडीने हिंदी महासागरावर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहाशी संधान बांधले आणि ही अडचण दूर झाली. अनुकूल बाजूला हे उदाहरण सोयीचे आहे. उपयोग उघड आहे, वाद नाही.

खरी परीक्षा पुढे, खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, इथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १२ एकर भरते. तबकडीचा पृष्ठभाग मात्र पत्र्याचा नाही, पोलादी तारेच्या जाळीचा आहे. जाळीची भोके लहरींच्या लांबीच्या मानाने फार लहान असल्याने लहरींना ती सलग आरशासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका करता आला आणि खर्च वाचला. तुटपुंज्या पैशांत पहिल्या प्रतीचे काम कसे होते, याचा हा वस्तुपाठ आहे.

पण याचा उपयोग काय? २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका संशोधनात या दुर्बिणीने एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश टिपला. तो निघाल्याला सुमारे ८८० कोटी वर्षे झाली होती. निघताना २१ सेंटीमीटर लांबीची असलेली लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणली जाऊन इथे पोचेपर्यंत ४८ सेंटीमीटरची झाली होती. यातून टोमॅटोचा भाव वाढणार नाही. अनुकूल वक्ते अशा वेळी ओढूनताणून 'फायदे' शोधतात. आम्हांला ते अप्रामाणिक वाटते. कुतूहल ही श्रीमंतांची मिरास नाही, एवढे सरळ सांगावे.

मात्र मग किंमतही सरळ सांगावी. ही दुर्बीण इतके क्षीण संकेत ऐकते, की आसपासची विजेची ठिणगीसुद्धा तिला गोंगाट वाटते. म्हणून परिसरातील उद्योगांवर निर्बंध आले. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेचा मूळ आराखडा मंचर-नारायणगाव-संगमनेर असा होता. दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल, म्हणून रेल्वे मंत्रालयाने दुसरा मार्ग पुढे आणला. जुन्नर-आंबेगावातून मूळ मार्गाचीच मागणी झाली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्ञान साऱ्या जगाचे, पण त्याची झळ मूठभर गावांना! ही झळ कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही आणि वादविवादातही कोणी तिचा उच्चार करत नाही. त्या गावांना बदल्यात काय द्यायचे, हा अवकाश-खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

तिसरे ठिकाण आंबेगाव तालुक्यातील माळीण. ३० जुलै २०१४ रोजी पहाटेच्या पावसात डोंगर गावावर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा. त्या वेळी इन्सॅट-३डी हा हवामान उपग्रह आकाशात होता. त्याला जाऊन वर्ष झाले होते. पण त्याच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. त्याला ढग दिसतो. नेमका कोणता उतार सुटणार, ते दिसत नाही. त्यासाठी उताराचा नकाशा लागतो, गावात पर्जन्यमापक लागतो आणि 'आज रात्री शाळेत झोपायला चला' असे सांगण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रह-चित्रांच्या आधारे सुमारे ८० हजार दरडींची नोंद असलेला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जुलैत रायगड जिल्ह्यात इरशाळवाडी गाडली गेली.

इथे दोन्ही बाजू निरुत्तर होतात. उपग्रह प्राण वाचवतो म्हणणाऱ्यांनी माळीणचे काय झाले ते सांगावे. आणि हा पैसा गरिबांना द्या म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की आकाशातून मिळणाऱ्या या माहितीची सर्वांत जास्त गरज डोंगरातल्या त्या गरिबांनाच होती. माहिती मिळवण्यावर खर्च झाला. ती शेवटच्या वाडीपर्यंत नेण्यावर पुरेसा झाला नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना आहे. पुढच्या स्पर्धेत विषय बदलून असा द्या : 'अवकाशातून मिळालेली माहिती आपल्या गावापर्यंत पोचावी, यासाठी कोणी काय खर्च करावा?' मुलांना २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी खोडदला जरूर न्या. तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारू द्या, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही. परत आल्यावर शाळेच्या अंगणात एक साधा पर्जन्यमापक बसवा आणि पावसाळ्यात रोज त्याची नोंद फळ्यावर लिहा.