शालेय प्रकल्पवह्यांतील चित्रें : एक परीक्षण

शिवकालावर विद्यार्थ्यांनीं तयार केलेल्या कांहीं प्रकल्पवह्या नुकत्याच आमच्या पाहण्यांत आल्या. अक्षर सुवाच्य, मजकूर बहुतांशीं निर्दोष. चित्रांचीहि रेलचेल आहे. परंतु जवळजवळ प्रत्येक चित्राखालीं ‘साभार : गूगल’ एवढेंच लिहिलेलें आढळलें. ‘एका जुन्या दप्तरांत मिळालें’ एवढ्याच आधारावर पत्र छापणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाहीं. मग चित्रासच ही सवलत कां? गूगल चित्र शोधून दाखवितें. तें चित्राचा कर्ताहि नव्हे व धनीहि नव्हे.

ही तक्रार केवळ शिष्टाचाराची नव्हे. मनुचीच्या ग्रंथांतील इब्राहिमखानाचें चित्र पूर्वीं शिवछत्रपतींचें म्हणून प्रचारांत होतें. इ. स. १९३३ मध्यें वा. सी. बेंद्रे यांनीं डच साधनांतून महाराजांचें चित्र पुढें आणलें, तेव्हां तो भ्रम दूर झाला. मुळाशीं ताडून न पाहतां चित्र उचलल्यास केवढा अनर्थ होतो, हें यावरून दिसून येईल. प्रस्तुत वह्यांपैकीं एकींत धुरंधरांनीं काढलेलें महाराजांचें चित्र ‘समकालीन’ म्हणून दिलें आहे. धुरंधरांचा जन्म १८६७ चा! चित्रकाराचें नांव लिहिण्याचा नियम असता, तर ही चूक लिहितांनाच ध्यानांत आली असती.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें अध्यापनाच्या ओघांत शिक्षक व विद्यार्थी यांस नक्कल करण्याची मोकळीक दिली आहे. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं हक्कहि सामान्यतः संपतो. परंतु तेवढ्यानें मूळ सांगण्याची जबाबदारी टळत नाहीं.

उपाय सोपा आहे. चित्र जेथें प्रथम दिसलें तेथेंच न थांबतां, तें ज्या संग्रहालयांत आहे त्याच्या स्वतःच्या नोंदीपर्यंत जावें व खालीं असें लिहावें : ‘शिवाजी महाराज, गोवळकोंडा शैली, सुमारें १६८०–८७, ब्रिटिश म्यूझियम, लंडन, संग्रहालयाच्या नोंदीवरून.’ त्यापुढें नोंदीचा क्रमांक व पाहिल्याची तारीख द्यावी. चित्रकार अज्ञात असल्यास ‘अज्ञात’ असें स्पष्ट म्हणावें.

मुलांस दोष देण्यापूर्वीं आपणहि आपल्या पेट्या उघडून पाहाव्या. संग्राहकच जर चित्रामागें तें कोठून, केव्हां आलें याची चिठ्ठी लावीत नसतील, तर विद्यार्थ्यानें तरी हा धडा कोणापासून घ्यावा?